अक्षरांचे नियम कोण ठरवतो?

कुकर, इस्त्री किंवा हेल्मेट विकत घेताना आपण आयएसआयचा छाप पाहतो. वस्तू ठरलेल्या कसोटीला उतरली आहे, याची ती खूण. अशा कसोटीला ‘मानक’ म्हणतात. पण इंदोऱ्यातून पाठविलेला मराठी निरोप पुण्याच्या मुलाच्या मोबाईलवर मराठीतच कसा उमटतो? दोन्ही मोबाईल वेगळ्या कंपन्यांचे असतात, तरी ‘क’चा ‘क’च राहतो. यामागेही मानकच आहे. ते यंत्र ठरवीत नाही, माणसे ठरवितात. ही माणसे कोण आणि ती कशी ठरवितात, हे आपल्या समाजाने जाणून घेतले पाहिजे.

यंत्राला अक्षर कळत नाही

संगणकाला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा क्रमांक एकच असला, तरच निरोप पोचतो. हे शहाणपण जुने आहे. १८६५ साली तारायंत्राचे समान नियम ठरविण्यासाठी वीस देश पॅरिसला एकत्र आले होते.

१९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली, तेव्हा मात्र प्रत्येक फाँटवाल्याचे क्रमांक वेगळे होते. एका फाँटमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की नुसती अगम्य चिन्हे दिसत. त्या काळातल्या स्मरणिका, पुस्तिका, अंक यांचा मजकूर आज वापरायचा तर आधी त्याचे रूपांतर करावे लागते, नाहीतर पुन्हा टाइप करावा लागतो. समान नियम नसला, की लिहिलेले शब्दही परके होतात!

त्यावर तोडगाही निघाला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ हे मानक काढले. त्याला ‘इस्की’ म्हणतात. ब्राह्मीपासून निघालेल्या देवनागरी, बंगाली, तेलुगू, तमिळ अशा लिप्यांतील एकाच उच्चाराच्या अक्षराला त्यात एकच क्रमांक होता. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. आज आपल्या मोबाईलमध्ये हाच युनिकोड आहे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

हे दोन शब्द नीट पाहा. पहिला म्हणजे समुद्र, दुसरा म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. तसेच ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी! अर्धा ‘र’ असा दोन प्रकारे लिहिण्याची गरज मराठीला आहे, हिंदीला नाही. ही गरज कोणी मांडली नसती, तर यंत्राने दोन्ही शब्द एकच करून टाकले असते. ती मांडली गेली म्हणून नियमात तिला जागा मिळाली.

आता ‘ॲट्रॉसिटी’ हा शब्द घ्या. १९८९ च्या कायद्याला आपली माणसे याच नावाने ओळखतात. या शब्दाच्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये सुरुवातीला स्वतंत्र जागाच नव्हती. ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवावे लागे, आणि कित्येक यंत्रांवर ती जोडणी तुटून मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. २००८ साली ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षे गेली!

मसुदा, हरकत, निर्णय

मानक कसे तयार होते? ब्यूरोच्या समितीत उत्पादक, वापरणारे, शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी असतात. समिती मसुदा तयार करते. तो मसुदा लोकांपुढे ठेवला जातो आणि ठराविक मुदतीत सूचना व हरकती मागविल्या जातात. आलेल्या प्रत्येक सूचनेचा विचार करून मग मानक पक्के होते. युनिकोडमध्ये मतदानाचा हक्क वर्गणी भरणाऱ्या सभासदांना, म्हणजे प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांना आहे. पण नव्या अक्षराचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. छापील नमुने आणि पुरावे मात्र जोडावे लागतात. आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा काढून घेतला जात नाही. म्हणजे चूक झाली, तर तीही कायमची!

ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेला घटनेचा मसुदा १९४८ साली जनतेपुढे ठेवला गेला. त्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्मरण करून दिले, की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्षुसंघाला ठाऊक होते. संघात महत्त्वाचा ठराव तीनदा विचारला जाई. ज्याचा आक्षेप असेल त्याने बोलावे, नसेल त्याने मौन पाळावे. मौन म्हणजे संमती! मानकांच्या बाबतीतही तेच घडते. जो लिहीत नाही, त्याची संमती धरली जाते.

अशोकाची लिपी

सम्राट अशोकाने धम्म शिलांवर कोरला तो मुख्यतः ब्राह्मी लिपीत. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनीच्या स्तूपाच्या उत्खननातही ब्राह्मी लेख सापडले. या लिपीला संगणकात स्थान मिळावे, म्हणून स्टीफन बाउम्स आणि अँड्र्यू ग्लास या प्राचीन बौद्ध हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी २००३ साली प्रस्ताव लिहिला. पुढे सुधारणा होत होत २०१० साली ब्राह्मी युनिकोडमध्ये आली. दोन अभ्यासू माणसांच्या चिकाटीने हे झाले. दूरदेशीच्या अभ्यासकांनी जे केले, ते नागपूरच्या आपल्या मुलामुलींना का जमू नये?

नियम झाला, की तो गरिबाच्याही हाती पोचतो. २०१६ साली ब्यूरोने आयएस १६३३३ चा तिसरा भाग काढला. मोबाईलवर अनुसूचीतील बावीसही भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे त्यात ठरले. सरकारने पुढे ते सक्तीचे केले. स्वस्त मोबाईललाही ते लागू झाले. इंग्रजी न येणाऱ्या आईला मुलाचा निरोप स्वतः वाचता येतो, त्यामागे असे नियम आहेत.

आपण काय करावे?

आपली कितीतरी मुले आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंगला आहेत. त्यांनी नोकरीपुरतेच शिकून थांबू नये. भारतीय मानके आता विनामूल्य मिळतात, ती वाचावीत. ब्यूरोची शाखा नागपुरातच आहे, तेथे चौकशी करावी. विहारातील रविवारच्या वर्गात एखादा मसुदा सर्वांनी मिळून वाचावा. मराठीतील किंवा पालीतील एखादे अक्षर मोबाईलवर नीट उमटत नसेल, तर केवळ वैतागू नये. कोणते अक्षर, कोणते यंत्र, काय उमटले आणि काय उमटायला हवे होते, हे लिहून पुराव्यासह पाठवावे.

पूर्वी आपल्याला अक्षरच नाकारले गेले होते. आज अक्षर आपल्या हाती आहे. आता अक्षराचे नियम जेथे ठरतात, तेथेही आपली माणसे बसली पाहिजेत. जयभीम!