वाफेतून रोज जाणारं बटण

सकाळी साडेसहा. ओटीमागच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमागच्या, छोट्या खोलीत उभा ऑटोक्लेव्ह तापतोय. दारव्ह्यातल्या या खासगी रुग्णालयात पहिली फेरी माझी असते. आत रुग्णाचं काही नाही, फक्त मी बनवत असलेल्या हाडाच्या ड्रिलच्या मुठीचा नमुना, बटणासकट. डॉक्टरांनी तेवढी मुभा दिली आहे. पाणी आरओच्या कॅनचं. बोअरचं जड पाणी घातलं की तळाला पांढरे क्षार धरतात आणि तेच क्षार बटणाच्या फटीत जाऊन बसतात.

काटा १५ पाउंडांवर, तापमान १२१ अंशांवर. इथून वेळ मोजायचा. बटण उष्णतेनं जातं असं बहुतेकांना वाटतं. चुकीचं प्लास्टिक असेल तर जातंही. एबीएस या तापमानाला मऊ पडतं. पण पीक किंवा पीपीएसयूसारखी प्लास्टिकं उष्णता सोसतात, सिलिकॉन रबरही सोसतं. तरी बटण बिघडतं, कारण वाफ. दाबाखाली ती केसाएवढ्या फटीतून आत शिरते. दाब सोडला की आतली वाफ रबर फुगवून बाहेर यायला बघते, आणि थंड होताना राहिलेल्या वाफेचं आतच पाणी होतं. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत १३४ अंशांची यंत्रं आधी आतली हवा खेचून घेतात, मग वाफ सोडतात, पुन्हा खेचतात. तिथे हा मार दुप्पट. एकच हत्यार दोन्हीकडे जाणार असेल तर ते दोन्हीकडे टिकलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवख्या डिझायनरच्या ध्यानात येत नाही. सिलिकॉन स्वतः टिकतं, पण पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. वरून अखंड दिसणाऱ्या टोपीखाली पोकळी ठेवली, तर कुठेही भोक नसताना काही फेऱ्यांनंतर तिथे ओल सापडते.

आठ वाजता सिस्टर एक कॉटरी पेन्सिल, म्हणजे विजेनं कापायचं हत्यार, हातात ठेवतात. "भाऊ, बटन सोडलं तरी मशीन वाजतच राह्यते."

पिवळं बटण कापायला, निळं रक्त थांबवायला. जगभर हेच रंग, आणि दोघांचे आवाजही वेगळे. सिस्टरांचं लक्ष त्या आवाजावर होतं म्हणून बरं. बटण न दाबता टोक पेटलं तर ते रुग्णाच्या अंगावर किंवा चादरीवर चटका देतं. पेन्सिल फोडून भिंगाखाली धरतो. निळ्या बटणाखाली तांब्याला हिरवट थर चढलाय आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध पाण्याचा एक थेंब अडकलाय. मशीनला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही; दोन टोकं जुळली की ते चालू.

पाकिटावर गोलात २ आणि त्यावर तिरपी रेघ: एकदाच वापरायची. ती पुन्हा निर्जंतुक करून वापरलेली होती. पैसे वाचवायचे म्हणून हे ठिकठिकाणी चालतं हे मला ठाऊक आहे, तरी असली पेन्सिल मी दुरुस्त करत नाही. पुन्हा वापरायच्या पेन्सिली वेगळ्या मिळतात. त्या कशा धुवायच्या, किती अंशांवर न्यायच्या आणि त्यांचं आयुष्य कुठवर, हे बनवणाऱ्यानं लिहून द्यायचं असतं; आयएसओ १७६६४ हे मानक त्यासाठीच आहे. सिस्टरांना अशा सूचनांचा एक कागद दाखवतो. त्या तो फ्रीजवर चिकटवतात.

साडेदहाला पहिली केस संपते आणि हत्यारं सिंकवर येतात. माझ्या कामाचा हा सगळ्यात मोलाचा तास. मावशी आधी गार पाण्यात धुतात. गरम पाणी आधी पडलं तर रक्त चिकटून बसतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. हातात लहान मुलांचा टूथब्रश. माझ्या नमुन्याची जुनी मूठ त्यांच्यापुढे करतो. बटणाभोवतीच्या फटीत त्या ब्रश घालून बघतात.

"भाऊ, इथं ब्रश जातच नाही, मग रक्त निंगन कसं?"

सर्जनचं बोट या बटणावर काही मिनिटंच असतं. बाकीचा सगळा वेळ ते मावशींच्या हातात, पाण्यात, ड्रममध्ये आणि वाफेत जातं. बटण कसं असावं हे ठरवताना पहिली बसायची जागा या सिंकपाशी आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

दुपारी बाराला माझ्या दुकानात. नवी रचना साधी आहे: हलणारा भाग बाहेर, वीज आत, आणि मध्ये भोकच नाही. आतली पोकळी इपॉक्सीनं ठासून भरलेली, त्यात दोन हॉल सेन्सर. बाहेर बटण, बटणात चुंबक. बटण दाबलं की चुंबक जवळ येतो आणि भिंतीपलीकडच्या सेन्सरला ते कळतं. साधा निओडायमियम चुंबक ८० अंशांपुढे जोर गमावू लागतो आणि वाफेत गंजतो, म्हणून समेरियम कोबाल्ट. तोही स्टीलच्या डबीत बंद. हा उपाय पेन्सिलीला जसाच्या तसा चालत नाही. तिच्या तीन पिनांतून सेन्सरला वेगळी वीज मिळत नाही, तिथे धातूला धातू टेकवावाच लागतो.

दीड वाजता लाइन जाते. रुग्णालयातही गेली असणार. फेरी अर्धवट राहिली की ती पहिल्यापासून करावी लागते, म्हणजे हत्यार दीडपट शिजतं. तालुक्याच्या गावासाठी बटण बनवायचं तर हा हिशेबही धरावा लागतो.

चारला लाइन येते. ओटीत हत्यारं घसरू नयेत म्हणून काही ठिकाणी चुंबकाची चटई अंथरतात. तिच्यावर ड्रिल ठेवलं आणि ते आपोआप फिरू लागलं तर? म्हणून दोन सेन्सर, आणि त्यांना चुंबकाची उलटसुलट टोकं दिसली तरच मोटार चालणार. शिवाय बॅटरी लावताना बटण दाबलेलं दिसलं, तर सोडून पुन्हा दाबेपर्यंत काहीच होणार नाही. चटई खालून, वरून, आडवी धरून बघतो. मोटार गप्प. मग हातमोज्यांवर हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून बटण दाबतो. चुंबकाच्या बटणाला टिक नसते, म्हणून खाली स्टीलची पातळ पट्टी बसवली आहे. दोन मोज्यांतूनही टिक बोटाला कळते.

सकाळी वाफेतून निघालेली मूठ आता तपासतो. इपॉक्सी आणि स्टील गरम झाल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे जोड सुटतो तो वायर बाहेर येते तिथेच. भिंगाखाली आज तरी तडा नाही. उद्या पुन्हा वाफ.

रात्री नऊला नागपूरला फोन. आयआयटी मुंबईत २०१४ साली बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, त्याची एक शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसण्याची सवय तिथे लागलेला एक मित्र माझी चित्रं तपासतो. विजेच्या सुरक्षेची आयईसी ६०६०१ ची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी लागेल आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागेल. तोवर हा नमुना रुग्णाजवळ जाणार नाही, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. तो विचारतो, आज चित्रात बदल काय? बटणाभोवतीची फट दीड मिलिमीटर होती, ती चार केली आहे आणि खालून उघडी ठेवली आहे. तो म्हणतो, मूठ जाड होईल. होऊ दे, मी सांगतो, टूथब्रश गेला पाहिजे.