देहावरील गाठ आणि गतजन्मीचे पाप

अंगावर गाठ उठली किंवा एखादा अवयव बेसुमार वाढू लागला, की 'कोणत्या जन्मीचे पाप?' हा प्रश्न आजही कानी येतो. पाठोपाठ आईला बोल लावला जातो. हा समज केवळ आपल्याकडचा नाही. १८६२ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे जन्मलेल्या जोसेफ मेरिकचे शरीर बालपणापासून विचित्र वाढत गेले. गरोदरपणी आई हत्तीला घाबरल्यामुळे असे झाले, असे तो स्वतःही मानत असे. 'हत्तीमानव' म्हणून त्याचे प्रदर्शन मांडले गेले. १८९० मध्ये, अवघ्या २७व्या वर्षी त्याचे निधन झाले.

त्याला 'प्रोटियस सिंड्रोम' हा अतिदुर्मीळ विकार असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. या विकारात हाडे, त्वचा व चरबी अनियंत्रित वाढतात. त्याचे कारण २०११ साली उलगडले. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या 'एकेटी-१' या जनुकातील एकच अक्षर बदलते आणि तो संदेश थांबेनासा होतो. हा बदल गर्भधारणेनंतर एखाद्या पेशीत घडतो व तिच्यापासून निर्माण झालेल्या पेशींतच उतरतो. म्हणून शरीराचा काही भाग वाढतो, उरलेला प्राकृत राहतो. हा दोष आईकडून येत नाही, वडिलांकडूनही नाही.

सर्वसामान्य चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, याहून वेगळी व निरुपद्रवी असते. 'एचएमजीए-२' हे जनुक गर्भावस्थेत कार्यरत असते आणि पुढे जवळजवळ शांत होते. अनेक लायपोमांमध्ये बारावे गुणसूत्र तुटून चुकीचे जोडले गेल्याने ते पुन्हा जागे झालेले आढळते व चरबीच्या पेशी वाढत राहतात. अशी गाठ मऊ, त्वचेखाली सरकणारी व बहुधा न दुखणारी असते. ती कर्करोग नव्हे. मात्र गाठ झपाट्याने वाढली, कठीण झाली, दुखू लागली किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी झाली, तर डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आजच्या दुःखाचा भार गतजन्मीच्या कर्मावर टाकणारा सिद्धांत नाकारला आहे. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी अशा मुलाला गंडेदोऱ्यांकडे न नेता दवाखान्यात न्यावे, त्याला चारचौघांत वावरू द्यावे आणि त्याच्या आईला दोष देणे थांबवावे.