राजगृह : ग्रंथांसाठी बांधलेले घर

घर बांधताना माणूस प्रथम कशाला जागा देतो, यावरून त्याच्या मनाची ओळख पटते. आपल्या गडचिरोली भागातील घर पाहा. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर पडवी, मागे सांदवाडी आणि आत सर्वांत कोरड्या कोपऱ्यात धानाची ढोली! धान जपले तर वर्ष निघते, म्हणून त्याची जागा आधी ठरते. पुस्तकाला अशी जागा आमच्या घरात नाही, कारण माझ्याआधी आमच्या घरातून कुणी कॉलेजात गेलेच नव्हते. म्हणूनच ज्या घराची आखणी पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून झाली, त्या मुंबईतील ‘राजगृहा’ची माहिती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीमुळे रोग फैलावतो, हे ओळखून सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने दोन प्रकारची कामे केली. कामगारांसाठी चाळी उभारल्या आणि दादर-माटुंगा परिसरात रुंद रस्ते आखून मध्यमवर्गासाठी भूखंड पाडले. दादरची हिंदू कॉलनी ही त्यातूनच वसलेली उपनगरी वस्ती होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला याच ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. परळची चाळ ते दादरचा भूखंड हे अंतर थोडेच. पण ते कापायला किती वर्षांची विद्या लागली!

१९३० च्या सुमारास त्यांनी हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले व बँकेचे कर्ज काढून बांधकाम केले. एकावर भाड्याने देण्यासाठी ‘चार मिनार’ ही इमारत, तर दुसऱ्यावर स्वतःसाठी ‘राजगृह’. हे घर १९३३ मध्ये पूर्ण झाले. खाली कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांचे दोन भाग आणि सर्वांत वर ग्रंथालय व कचेरी, अशी त्याची रचना होती. खाली संसार, वर अभ्यास! ग्रंथांची ही ओढ जुनीच होती. १९१७ साली परदेशातून परतताना त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठविलेली पुस्तके, महायुद्धात ते जहाज टॉर्पेडोने बुडाल्यामुळे नष्ट झाली होती. पुढे राजगृहातील संग्रह पन्नास हजारांवर गेला, असे सांगतात. कर्ज व पुस्तकांची खरेदी यांपायी १९४१ साली ‘चार मिनार’ विकावी लागली. राजगृह मात्र त्यांनी राखले.

नावही विचारपूर्वक दिलेले दिसते. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी, बिंबिसार राजाची नगरी. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती तेथेच भरली. धम्मदीक्षेच्या वीसहून अधिक वर्षे आधी हे नाव घरावर लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या घराने दुःखही पाहिले. चाळीत काटकसरीचा संसार केलेल्या रमाबाईंचे २७ मे १९३५ रोजी येथेच निधन झाले. नव्या घराचे सुख त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यांचा मुक्काम बहुतेक दिल्लीला राहिला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. त्या दीक्षेनंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि पार्थिव राजगृहात आणण्यात आले.

आज तळमजल्यावर संग्रहालय आहे. गेल्या ६ डिसेंबरला गावच्या मंडळींसोबत चैत्यभूमीला गेलो असता मी तेथील रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढच्या आजीबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी “बाबांची पुस्तकं कोठी हायेत?” असे त्या विचारीत होत्या.

राजगृहासारखे घर बांधणे आपल्या आवाक्यात नाही, हे खरे. पण त्यातील विचार परवडण्याजोगा आहे. आमच्या गावचे समाजमंदिर वर्षातून मोजके दिवस उघडते. एरवी त्याला कुलूप असते. तेथे एक कपाट, एक मेज व एक दिवा ठेवला, तर परीक्षेच्या दिवसांत दहा-बारा मुलांची सोय होईल. या सुट्टीत गावी गेल्यावर किल्ली कुणाकडे असते, हे मी प्रथम विचारणार आहे.