मुखारोग्य व पचनारोग्य यांचा परस्परसंबंध : वऱ्हाडातील खर्रा सेवनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
पचनसंस्थेच्या विकारांचा विचार करताना जठर, यकृत व आतडी यांची चर्चा होते; तोंड मात्र दंतवैद्यकाकडे सोपविले जाते. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. परंतु अमरावतीच्या राजापेठेसारख्या वर्दळीच्या भागापासून खेड्यातील एस.टी. थांब्यापर्यंत जेथे खर्ऱ्याची सवय रुजली आहे, त्या वऱ्हाडात ती रुग्णाच्या हिताची ठरत नाही.

तोंडातील पचन :
चर्वण ही केवळ यांत्रिक क्रिया नव्हे. दररोज साधारणतः अर्धा ते दीड लीटर लाळ स्रवते व तीमधील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे विघटन सुरू करते. ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास गोडसर लागतो, तो यामुळेच. लाळेबरोबर मुखातील जीवाणूही सतत गिळले जातात. जठरातील आम्लामुळे त्यांपैकी बहुतेक नष्ट होतात, सर्व नव्हे. हिरड्यांच्या रोगात आढळणारा फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जीवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींमध्येही आढळत असल्याचे 2012 साली दोन स्वतंत्र संशोधनांतून पुढे आले. तो रोगाचे कारण की सहचर, याविषयी मात्र अद्याप एकमत नाही.

खर्रा व मुखतंतुमयता :
सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. चर्चेत तंबाखूचेच नाव अधिक घेतले जाते. वस्तुतः तोंड आखडण्याचे मुख्य कारण सुपारी होय. तीमधील अरेकोलीन या द्रव्यामुळे श्लेष्मल आवरणाखाली कोलॅजेनचे तंतू साचतात व गाल, टाळू ताठर होतात. मुंबईचे डॉ. जोशी यांनी 1953 साली या विकाराचे वर्णन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या प्रकाशनात केवळ सुपारीलाही मानवी कर्ककारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले.

या विकाराचे आरंभीचे लक्षण पचनाच्या तक्रारीसारखे भासते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तिखट सोसत नाही, ठेचा-झुणका खाताना आग होते; साहजिकच ‘पित्त वाढले’ असे समजून आम्लनाशक गोळ्या घेतल्या जातात. पुढे तोंड उघडेनासे झाले की भाकरी, कच्च्या भाज्या व फळे सुटतात आणि वरण-भात, दूध-पोळी एवढाच आहार उरतो. तंतुमय घटक घटल्याने बद्धकोष्ठता जडते, तर लोह व जीवनसत्त्वांच्या कमतरतेमुळे श्लेष्मल आवरण आणखी दुर्बल होते. अशा रुग्णांच्या अन्ननलिकेतही तंतुमय बदल होत असल्याची नोंद अलाहाबाद येथील डॉक्टरांनी 1998 साली केली. म्हणजेच विकार तोंडापाशी थांबतोच असे नाही.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी असून नंतरच्या आदेशांत खर्रा-मावा यांचाही समावेश झाला. तथापि खर्रा हातानेच घोटला जात असल्याने त्यावर नियंत्रण ठेवणे कारखान्यातील पुडीपेक्षा कठीण जाते.

साचलेले तंतू औषधाने पूर्ववत होत नाहीत. म्हणून आरंभीचे निदान महत्त्वाचे. त्यासाठी उपकरणाची गरज नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये जात नसल्यास तोंडाची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. महाविद्यालयातील आरोग्य तपासणीच्या नमुन्यात उंची व वजनाशेजारी यासाठी एक रकाना वाढविता येईल.