पंगत वाढणारी पोरं

नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात एक जुनी घंटा आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. शिबिराला आलेल्या मुलांना आम्ही पहिल्या संध्याकाळी ती बघायला न्यायचो. क्रूस आधी कोणाला दिसतो याची चढाओढ लागायची.

बारावीनंतरचे चार उन्हाळे मी याच भागात एका ख्रिस्ती कौटुंबिक शिबिरात स्वयंसेविका होते. सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर, आणि तिथून पुढे रस्ता राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला जातो. त्या तालुक्याला आता राजगड हेच नाव मिळालं आहे. जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून आईबाप, आज्या, तान्ही मुलं अशी अख्खी कुटुंबं आठवडाभर एका आवारात राहायला येत. त्यांच्या राहण्या-जेवण्याचा भार आम्हां वीसेक कॉलेजच्या पोरापोरींवर आणि गावातल्या तीन आचारी मावशींवर असे.

नसरापूरला अशा मुक्कामी मेळाव्यांची जुनी सवय आहे. टास्मानियाहून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी १८९३ मध्ये पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन सुरू केलं. शहरापेक्षा खेडं गाठायचं हा त्यांचा आग्रह त्या नावातच आहे. पंतसचिवांच्या भोर संस्थानातली गावं हे त्यांचं मुख्य क्षेत्र, आणि नसरापूर त्यांचं ठाणं. पुढे १९६८ मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनमध्ये मिळून गेलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६६ मध्ये, आजच्या भारतात मंडळीचं काम काय, या प्रश्नावर देशभरातल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची विचारसभा नसरापूरला भरली होती.

पण शिबिराचा विषय निघाला की मला पहिल्यांदा पंडिता रमाबाई आठवतात. १८९५ च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याला रानात ख्रिस्ती शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन तिथे गेल्या. एका पहाटे त्या एकट्याच झाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी देवाजवळ मागणं मागितलं की या पंधरांचा वर्ग कर. म्हणजे दोनशे पंचवीस. तेव्हा त्यांच्या पुण्याच्या आश्रमात, शारदासदनात, इतक्या मुलींना जागाच नव्हती. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला, त्यातून वाचवलेल्या मुली आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि दोन वर्षांत तो आकडा भरला. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मला त्यात ती पहाट फार महत्त्वाची वाटते. घरच्या, सदनाच्या रगाड्यात त्यांना असा एकांत कुठून मिळाला असता? तिथेही कोणीतरी चुली पेटवल्या असतील, मुलींना उठवलं असेल, पाणी तापवलं असेल, म्हणून बाईंना तो तास मिळाला.

माझी पहिली नेमणूक पाण्यावर होती. भोर-वेल्ह्यात पावसाळ्यात पाणी कोसळतं, भातखाचरं तुडुंब भरतात, धरणंही आहेत. पण भाटघरचं पाणी नीरेत उतरून कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं, आणि मे महिन्यात वरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. आमच्याकडे नियम होता, अंघोळीला माणशी एक बादली. टाकीत बांबू घालून मी दिवसातून तीनदा ओल मोजायची आणि फळ्यावर लिहायची. दुसऱ्या वर्षी एका रात्री मुलांच्या संडासाकडचा व्हॉल्व्ह बंद करायला मी विसरले. पहाटे टाकी कोरडी ठणठणीत आणि उठायला लागलेली चाळीस कुटुंबं. मी रडत स्वयंपाकघरात गेले. थोरल्या मावशी काही बोलल्या नाहीत, कळशी उचलून खालच्या वाडीत निघून गेल्या. तासाभरात सात-आठ बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढून आल्या. ते पाणी त्यांच्या विहिरीचं होतं, त्यांच्याच दिवसाच्या वाट्याचं. त्यांतली एकही ख्रिस्ती नव्हती. ‘पोरं बाळं हायती, च्या तरी व्हाया पायजे,’ एवढंच एक म्हातारी बोलली. त्या सकाळी पास्टरांनी नेहमीचं मनन बाजूला ठेवलं आणि याकोबाच्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा अध्याय वाचला.

दिवस साडेचारला उघडायचा. सहाला चहा, मग प्रत्येकाचा एकांत समय, आराधना, न्याहारी. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात असलं तरी रेव्हरंड टिळकांची गीतं आज्यांना तोंडपाठ असत, त्यांना पुस्तक लागायचं नाही. मोठ्यांचा शास्त्राभ्यास चाले तेव्हा मुलं आमच्या ताब्यात. सुट्टीतल्या बायबल शाळेची ही रीत रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये घालून दिली. उन्हाळ्यात चर्च रिकामी, गल्लीतली मुलं रिकामी आणि कॉलेजचे विद्यार्थीही रिकामे, या तिघांची त्यांनी गाठ घातली. म्हणजे आमच्यासारखी पोरं या कामात सुरुवातीपासून आहेतच. गोष्ट सांगायची, कागदाचं तारू करायचं, आणि करवंदाच्या जाळीत कोणी शिरत नाही ना हे बघायचं.

रात्रीचा पहारा आमच्यातल्या मुलांकडे असे. विंचवांचा भाग, म्हणून गाद्या झटकायच्या, चपला उलट्या करून बघायच्या आणि गाडी तयार ठेवायची. वरंधा घाटापलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. त्याआधी या डोंगरपट्ट्यात विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत. ही माहिती आम्हांला पहिल्याच दिवशी दिली जाई, आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता दोनदा चालून दाखवला जाई.

खरं शिबिर मात्र मला पंगतीत दिसलं. मावशींचा हिशेब माणशी शंभर ग्रॅम तांदळाचा, सव्वाशे माणसांना साडेबारा किलो. वर एक किलो ‘येणाऱ्या-जाणाऱ्याचा’. आम्ही बादल्या-पळ्या घेऊन वाढायला उभ्या. पहिल्या दुपारी बायका जेवायला बसतच नसत. कोणी पोराला भरवत उभी, कोणी आमच्या हातातून वरणाची बादली ओढून घ्यायला बघे. ‘तू बस गं, मी वाढते,’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. त्यांना खांद्याला धरून खाली बसवणं हेही आमच्या कामात मोडत असे. तिसऱ्या दिवशी सासवडकडची एक आजी भिंतीला टेकून बसली. मी गरम भात वाढला, वर तूप सोडलं. तिने घास न घेता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘लग्नानंतर मला कोणी असं गरम वाढलं नव्हतं, बाई.’ तिच्या शेजारी तिचा मुलगा बसला होता. त्याने मान खाली घातली. संध्याकाळी तो चपात्या लाटायला स्वयंपाकघरात आला. त्या वेड्यावाकड्या चपात्या मावशींनी तशाच भाजल्या.

कौटुंबिक शिबिर म्हणजे कुटुंबांसाठी प्रवचनं, असं बाहेरून वाटतं. प्रवचनं मीही ऐकली, बहुतेक दारात उभी राहून, ओल्या हातांनी. त्यांतलं थोडं आठवतं. तो मुलगा पोळपाटाशी बसलेला मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायातली पाय धुण्याची गोष्ट पास्टर शेवटच्या रात्री वाचत, आणि तोवर ती सगळ्यांनी आठवडाभर कुठे ना कुठे पाहिलेली असे.

शनिवारी दुपारी एसट्या आणि जीपगाड्या निघून गेल्या की आवार एकदम मोठं वाटायचं. वळवाचं आभाळ आलेलं असायचं, म्हणून आधी दोऱ्यांवरच्या चादरी ओढायच्या. मग थोरल्या मावशी आम्हां वीसजणांना ओळीत बसवत आणि उरलेला भात स्वतः वाढत. जेवून झाल्यावर आम्ही ताटं मोजली. एकशे तीस भरली. दोन वाट्या कमी होत्या, त्या मुलांनी करवंदांसाठी जाळीत नेल्या होत्या, तिथेच सापडल्या.