नदीत मासे दिसतात, म्हणजे पाणी चांगलं का?



नदीत मेलेले मासे तरंगू लागले की गावभर बोभाटा होतो. मळीचे किंवा गटाराचे पाणी नदीत शिरले, की त्यातील घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा गुदमरतो. हे नुकसान डोळ्यांना दिसते. पण मासे पोहताना दिसले, की आपण म्हणतो, "पाणी बरं आहे की!" इथेच फसगत होते.

इंग्लंडमधील उदाहरण पाहा. तेथील नद्यांत सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला रोच जातीचे मासे होते. पण त्यांतील पुष्कळ नरांच्या वृषणात अंडी तयार होत असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मासा जिवंत होता, पण नर धड नर राहिला नव्हता. याचे कारण असे, की काही रसायने शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतात. ती पाण्यात अगदी थोडी असली तरी पुरे. रंग, वास काही कळत नाही.

मग अशी रसायने शरीरात नेमका कुठे घाव घालतात, हे ओळखायचे कसे? यासाठी शास्त्रज्ञांनी झेब्रा मासा निवडला. अंगावर निळे पट्टे असलेला हा बोटभर मासा मूळचा आपल्याच भागातला. गंगेतील माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. त्याची पिल्ले पारदर्शक असतात, त्यामुळे आतले अवयव भिंगाखाली स्पष्ट दिसतात.

इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात चार्ल्स टायलर व तेत्सुहिरो कुदोह यांच्या गटाने या माशाच्या जनुकांत बदल केला व २०१२ साली तो जाहीर केला. समुद्रातील एका जेलीफिशमध्ये हिरवा चमकणारा पदार्थ असतो. तो बनवणारे जनुक त्यांनी माशात बसवले, पण त्याला एक कळ जोडली. आपण विहिरीच्या मोटारीला ऑटो बसवतो ना? लाईट आली की मोटार आपोआप चालू. तसेच इथे. इस्ट्रोजेनसारखे रसायन ज्या अवयवात काम करू लागेल, तेवढाच अवयव खास उजेडात हिरवा चमकतो.

त्यांनी गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक, प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए आणि रंग व औद्योगिक साबणांशी संबंधित नोनिलफेनॉल यांची तपासणी केली. यकृत चमकले, बिस्फेनॉल-ए ने हृदयाचा भाग चमकला. स्नायू आणि डोळे यांतही परिणाम दिसला, जो आधी माहीत नव्हता. मासा मरण्याची वाट न पाहता धोका कुठे आहे ते समजले, हा मोठा फायदा.

अर्थात माशात दिसले ते सर्व माणसाला तसेच लागू होते असे नाही. पण पुढे कशाची तपासणी करायची, ते यातून कळते. हे मासे प्रयोगशाळेच्या टाकीतच ठेवतात, नदीत सोडत नाहीत.

आता कोणी म्हणेल, "याचा आमच्या उसाशी काय संबंध?" संबंध आहे. ज्यांच्यापासून पुढे नोनिलफेनॉल सुटते ती द्रव्ये, औषध पानावर नीट पसरावे म्हणून, फवारणीच्या औषधांतही मिसळली जात आली आहेत. युरोपीय संघाने २००३ साली त्यांच्या बहुतेक वापरांवर निर्बंध घातले.

तेव्हा फवारणीचा पंप ओढ्यात, पाटात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. धुतलेले पाणी फवारणी केलेल्या रानातच फवारून टाका. औषधाचे रिकामे डबे पाण्यात फेकू नका आणि घरात पाण्यासाठी तर मुळीच वापरू नका. आपल्या ओढ्यात चमकून इशारा देणारा मासा नाही. तेथील पाण्याची राखण आपल्यालाच करायची आहे.