९७, ११९, २५२ : याना फेटच्या क्रमवारीचा हिशेब

क्रोएशियाच्या याना फेटची महिला एकेरीतली सर्वोत्तम जागतिक क्रमवारी ९७. ऑक्टोबर २०१७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी तिने ती गाठली. तीन महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये ती ११९ व्या स्थानावर होती आणि जून २०२२ मध्ये २५२ व्या. बातम्यांत अशा खेळाडूचा उल्लेख ‘खालच्या क्रमांकाची’ असा होतो.

खालचा म्हणजे कुठला, हे देशावर ठरते. २०२१ च्या जनगणनेनुसार क्रोएशियाची लोकसंख्या ३८.७ लाख. एवढ्या देशातून इव्हा मायोली चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली, पेत्रा मार्टिच १४ व्या, डोना वेकिच १७ व्या, तर मिर्याना लुचिच-बारोनी आणि आना कोन्यू या दोघी विसाव्या. या यादीत ९७ तळाला जातो. भारतात मात्र एकेरीत अव्वल शंभरात पोहोचलेली महिला एकच, सानिया मिर्झा (२७). निरुपमा वैद्यनाथनची सर्वोत्तम क्रमवारी १३४ होती, अंकिता रैनाची १६०. म्हणजे क्रोएशियात तळाला दिसणारा हा आकडा भारतीय यादीत दुसरा ठरला असता.

फेटच्या कारकिर्दीतला सर्वाधिक चर्चिला गेलेला सामना तिने गमावलेला आहे. १७ जानेवारी २०१८, ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा, दुसरी फेरी, समोर दुसरी मानांकित कॅरोलिन वोझ्नियाकी. तिसऱ्या सेटमध्ये फेट ५-१ ने पुढे होती, सर्व्हिस तिची होती आणि गेममध्ये गुणफलक ४०-१५ होता. दोन मॅच पॉइंट हातात होते. दोन्ही गेले, त्यानंतरचे सलग सहा गेमही गेले. वोझ्नियाकीने सामना ३-६, ६-२, ७-५ असा घेतला, पुढचे पाच सामने जिंकले, अंतिम फेरीत सिमोना हालेपला हरवून विजेतेपद मिळवले आणि २९ जानेवारीला ती जगात पहिल्या क्रमांकावर आली.

आता हिशेब. दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला त्या वर्षी ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तिसऱ्या फेरीत हरणारीला १ लाख ४२ हजार ५००. फरक ५२,५०० डॉलरचा, तेव्हाच्या दराने सुमारे २७ लाख रुपये. विजेतीला ४० लाख डॉलर मिळाले, म्हणजे फेटच्या रकमेच्या ४४ पट. क्रमवारीच्या गुणांत दुसरी फेरी ७० ची, तिसरी १३० ची, विजेतेपद २००० चे. शंभराव्या क्रमांकाजवळच्या खेळाडूकडे वर्षभराचे मिळून साधारण सहाशे-सातशे गुण असतात. त्यामुळे हुकलेले ६० गुण म्हणजे तिच्या वर्षभराच्या कमाईचा जवळपास दहावा हिस्सा.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफ) २५ हजार अमेरिकी डॉलरची एखादी स्पर्धा जिंकणारीला ५० गुण मिळत. त्यासाठी ३२ जणींच्या ड्रॉमध्ये सलग पाच सामने जिंकावे लागत. ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीतला एकच विजय ७० गुण देतो. पाच विजयांना ५० आणि एका विजयाला ७०, या तफावतीमुळे शंभर ते अडीचशे या पट्ट्यातली खेळाडू वर्षातले ग्रँडस्लॅमचे चार पंधरवडे डोळ्यांसमोर ठेवून जगते. शिवाय गुणांचे आयुष्य ५२ आठवडे. मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतले ते ७० गुण जानेवारी २०१९ मध्ये आपोआप वजा झाले. तेवढीच कामगिरी पुन्हा केली नाही, तर क्रमवारी घसरते. खेळ घसरला असेलच असे नाही.

विचित्र आकडे पुढे आहेत. जून २०२२ मध्ये फेट विम्बल्डनला आली तेव्हा तिची क्रमवारी २५२ होती. पात्रता फेरीचे तिन्ही सामने जिंकून तिने मुख्य फेरीत प्रवेश मिळवला. पहिल्याच फेरीत गाठ पडली अव्वल क्रमांकाच्या इगा श्वीऑनटेकशी. निकाल ६-०, ६-३; श्वीऑनटेकचा तो सलग ३६ वा विजय. पहिल्या फेरीत हरणारीची रक्कम त्या वर्षी ५० हजार पौंड, म्हणजे सुमारे ४८ लाख रुपये. गुण शून्य.

हा शून्य खेळामुळे आलेला नाही. आयोजकांनी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, त्यावर डब्ल्यूटीए (महिला) आणि एटीपी (पुरुष) या खेळाडूंच्या संघटनांनी स्पर्धेचे गुणच काढून घेतले. विजेती एलेना रिबाकिनाही गुणांविना परतली. पण शून्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. नेहमीच्या नियमाने फेटला पात्रतेचे ४० आणि पहिल्या फेरीचे १० असे ५० गुण मिळाले असते. अडीचशेव्या क्रमांकाच्या आसपास खेळाडूचे एकूण गुणच दोन-तीनशे असतात. त्यात ५० ची भर पडली, तर पुढच्या काही महिन्यांत कोणत्या स्पर्धेत थेट प्रवेश आणि कोणत्या ठिकाणी पुन्हा पात्रता, हे बदलते. संघटनांनी आयोजकांना दिलेली शिक्षा तीन सामने जिंकून आलेल्या खेळाडूने भोगली. माझ्या मते हा अन्याय होता.

पैशाच्या बाजूने मात्र त्या आठवड्याने वर्ष तारले असणार. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवरून व्यावसायिक टेनिसचा खर्च मोजला होता. विमानप्रवास, निवास, जेवण, रॅकेटच्या तारा, कपडे धरून महिला खेळाडूचा सरासरी वार्षिक खर्च ४०,१८० अमेरिकी डॉलर निघाला. प्रशिक्षकाचे मानधन त्यात धरलेले नव्हते. बक्षिसांतून हा खर्च जेमतेम भरून निघतो तो क्रमांक महिलांसाठी २५३ होता, पुरुषांसाठी ३३६. विम्बल्डनला आलेली फेट २५२ वर होती, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या त्या रेषेच्या एक पायरी वर. तिथले ५० हजार पौंड त्या वार्षिक खर्चाच्या सुमारे दीडपट होतात. पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात हरली असती, तर ३२ हजार पौंड मिळाले असते. पहिल्याच सामन्यात हरली असती, तर ११ हजार.

ग्रँडस्लॅममध्ये विजेते आणि लवकर हरणारे यांच्या रकमांतली दरी २०१८ ते २०२५ या काळात कमी झाली. ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याची रक्कम २०१७ मध्ये ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती, २०१८ मध्ये ६० हजार झाली. वाढ २० टक्के. विजेत्याची रक्कम त्याच वर्षी ८ टक्क्यांनी वाढली. २०२५ मध्ये पहिली फेरी १ लाख ३२ हजारांवर गेली, २०१८ च्या तुलनेत १२० टक्के जास्त. याच काळात विजेत्याची रक्कम ४० लाखांवरून ३५ लाखांवर आली, घट साडेबारा टक्के. पहिल्या फेरीतला पराभूत आणि विजेता यांच्यातले प्रमाण एकास ६७ वरून एकास साडेसव्वीसवर आले. आयोजकांचा हा निर्णय योग्य आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

पण ही वाढ ग्रँडस्लॅमच्या दारात पोहोचलेल्यांसाठी आहे. अडीचशेच्या खाली असलेली खेळाडू वर्षातले बहुतेक आठवडे आयटीएफच्या स्पर्धांत घालवते. त्यातल्या सर्वांत खालच्या गटातल्या महिलांच्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम २०१७ मध्ये १० हजारांवरून १५ हजार अमेरिकी डॉलर झाली. एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत मिळून वाटली जाणारी ही रक्कम मेलबर्नमध्ये २०२५ च्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या एका खेळाडूला मिळते त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भरते. आठ वर्षांनी, २०२५ मध्येही ती १५ हजार डॉलरच होती.